लाडसाहेबाचा कोपरा

माझं आडनाव जहागीरदार आहे आणि नाशकात मी दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहते. शाळेत इंग्रजी शिकवायची, तेव्हा दर वर्षी वर्गातलं एखादं तरी पोर विचारायचं, "बाई, तुमची जहागीर कुठंय?" मी ठसक्यात सांगायची, "परंड्याकडं." माझे वडील तसं सांगत. त्यापलीकडं त्यांनाही काही ठाऊक नव्हतं, पण त्यामुळं आमचा ठसका कधी कमी झाला नाही.

म्हणूनच या जानेवारीत मोरॅग लेअर्डबरोबर धाराशिव जिल्ह्यात जायचं ठरलं तेव्हा पहिला थांबा मी परंड्याला ठेवला. वाटेत नव्हतं तरी ठेवला.

मोरॅग ही माझ्या मुलीची ग्लासगोतली शेजारीण. वय त्रेसष्ट. आयुष्यभर शहरातल्या बस चालवून निवृत्त झालेली. हात माझ्या दुप्पट, आवाज चौपट. तिच्या वडिलांचा, अ‍ॅलेक लेअर्ड यांचा, मागच्या वर्षी मृत्यू झाला. ते गवंडी होते. पण सिमेंट-चुना न वापरता, नुसता दगडावर दगड बसवून शेताचे बांध रचणारे. त्यांच्याकडं तो वेगळाच धंदा आहे. किल्लारीचा भूकंप झाला त्यानंतरच्या हिवाळ्यात मदत करणाऱ्या कुठल्याशा गटाबरोबर ते सास्तूरच्या बाजूला आले आणि तीन महिने एका खेड्यात राहिले. त्यांच्या सामानात मोरॅगला एक फोटो सापडला. गुडघाभर उंचीचा दगडी बांध, शेजारी अ‍ॅलेक आणि धोतर नेसलेला एक शेतकरी. फोटोमागं पेन्सिलीनं लिहिलेलं, 'माय इस्टेट'. खाली गावाचं नाव.

"बाबा नेहमी म्हणायचे, माझी इंडियात जमीन आहे," मोरॅग मला म्हणाली होती. "आम्ही नाताळाला जेवताना विचारायचो, काय म्हणते इस्टेट? सगळे हसायचे. तेही हसायचे."

मी त्या गावच्या ग्रामपंचायतीत फोन लावला. पलीकडचा माणूस दोन मिनिटं गोंधळला, मग एकदम ओरडला, "लाडसायबाची पोरगी व्हय? मग या की! कवा येतासा?"

लेअर्डचं लाड झालं होतं.

परंडा

कुर्डुवाडीला उतरून आम्ही गाडी केली. ड्रायव्हर सलीमभाई पन्नाशीचे, बोलण्यात नेमके आणि चालवण्यात त्याहून नेमके. परंड्याचा किल्ला मोरॅगला फार आवडला. तिच्या देशात पावलोपावली किल्ले आहेत, पण त्यांना तिकीट, दुकान आणि चहाची खोली असते म्हणे. इथं तोफेवर शेळी बसलेली होती आणि खंदकाच्या कडेला दोन बायका निवांत शेण्या थापत होत्या. मोरॅगनं भिंतीचे दगड हातानं चाचपून पाहिले आणि बापाची लेक शोभावी तशी म्हणाली, "हे काम मन लावून केलंय."

किल्ल्यातून बाहेर आलो तर मागचं चाक बसलेलं. चौकात पंक्चरचं दुकान होतं. वर पाटी होती, 'जहागीरदार टायर वर्क्स'. मी जवळजवळ धावलेच.

दुकानाचे मालक युसूफ जहागीरदार. पांढरी दाढी, कोपरापर्यंत काळे हात. मी माझं नाव सांगितलं आणि विचारलं, "आपली जहागीर नक्की कुठं होती, तुम्हाला माहिताय का?"

त्यांनी पाण्याच्या टबात ट्यूब बुडवली. बुडबुडे कुठून येतात ते बघत म्हणाले, "बाई, निजामाच्या टायमाला कुणीतरी कुणालातरी काहीतरी दिलं होतं म्हनतात. आमच्या वाट्याला नाव आलं. ह्या गावात जहागीरदाराची तीन घरं हायत. एक शिलाई मारतो, एक शाळेत शिपाई हाय, आन् मी हवा भरतो. आता हवेचीच जहागीर म्हना."

मी मोरॅगला सांगितलं. ती इतकी हसली की रस्त्यावरचे चार लोक थांबले. युसूफभाईंनी चाक चढवलं, गुळाचा चहा पाजला आणि निरोप देताना मला म्हणाले, "म्हंजे भावकीच झाली की आपली."

पूर्वजांचा शोध असा चाकातल्या भोकापाशी संपला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट गाडीत बसल्यावर मी मोठ्या उत्साहात मोरॅगचा तास घेतला. देशमुख, पाटील, कुलकर्णी, इनामदार, चौगुले: ही सगळी आधी कामं होती किंवा मान होते, मग ती आडनावं झाली, काम गेलं आणि नाव राहिलं.

"आमचंही तेच," मोरॅग म्हणाली. तिच्याकडं लेअर्ड म्हणजे स्वतःच्या मालकीची मोठी जमीन असलेला माणूस. लॉर्ड नव्हे, लॉर्ड वेगळा. लेअर्ड हा गावापुरता मोठा. आता तर तिथं हौशी लोकांना हातरुमालाएवढा जमिनीचा तुकडा विकतात आणि 'तुम्ही लेअर्ड झालात' असं सर्टिफिकेट घरपोच पाठवतात. तिच्या मेव्हण्याला वाढदिवसाला कुणीतरी तसं दिलं होतं. त्यानं ते संडासात लावलं. लेअर्ड आडनावाची मंडळी पुष्कळ गाजली आहेत, हेही तिनं सांगितलं. कुणी जहाजं बांधली, कुणी मंत्री झालं, कुणी कविता लिहिल्या, कुणी फुटबॉल खेळलं.

"आणि तुझ्या घराण्यात?"

"आमच्यात कुणाकडं शेळी बांधायला जागा नव्हती. पणजोबा, आजोबा, बाबा, सगळ्यांनी दुसऱ्यांच्या जमिनीभोवती बांध घातले."

जळकोटवरून पुढं

बार्शी, तुळजापूर मागं टाकून दुपारी जळकोटला थांबलो. हैदराबादकडं जाणाऱ्या ट्रकांची रांग, धाब्यावर कन्नड आणि मराठीची सरमिसळ. इथं एक अपघात झाला. भाकरीबरोबर आलेला हिरवा ठेचा मोरॅगनं तिच्याकडं मिळणारा वाटाण्याचा लगदा समजून चमचाभर तोंडात टाकला. पुढची दहा मिनिटं ती बोलली नाही. सलीमभाईंनी तिला गूळ दिला, ताक दिलं, पुन्हा गूळ दिला. शेवटी डोळे पुसत ती म्हणाली, "अजून थोडा आहे का?" सलीमभाईंनी त्या क्षणापासून तिला मनापासून मान द्यायला सुरुवात केली.

लोहाऱ्याकडं वळल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, मधून पिवळ्या करडईच्या काटेरी ओळी, आणि काळी माती अशी की गाडीतूनही तिचा वास यावा. सास्तूर लागलं. सरळ रस्ते, चौकोनी घरं, प्रत्येक घराला सारखं अंगण. भूकंपानंतर वसलेली गावं लगेच ओळखू येतात. जुन्या गावाला जशा बोळी असतात, वळणं असतात, तशी ती नसतात. बैलगाड्या मात्र त्या सरळ रस्त्यांवरूनही वाकड्याच चालतात.

आमचं गाव तिथून थोडं पुढं. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. कारण पुढं कळेल.

महादेव बिराजदार वेशीपाशी उभा होता. चाळिशीचा, एका पायानं किंचित लंगडणारा. फोटोतल्या धोतरवाल्या शेतकऱ्याचा, दत्तोबांचा, हा थोरला मुलगा. दत्तोबा सहा वर्षांपूर्वी गेले. घरी त्याची आई गिरजाबाई होत्या. माझ्याच वयाच्या असतील, पण उन्हानं दहा वर्षं पुढं नेलेल्या. त्यांनी मोरॅगच्या पायावर पाणी घातलं, तिच्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "डोळे बापाचेच हायती."

संध्याकाळी मारुतीच्या पारावर दहा-पंधरा माणसं जमली. लाडसाहेबांच्या आठवणी निघाल्या. ते अंड्याला नमस्कार करून मग खायचे म्हणे, बैलाशी बोलायचे, नळावर गाणं म्हणायचे. मी दुभाष्याचं काम करत होते, आणि खरं सांगायचं तर मला त्यात भलतीच मजा येत होती. लोक तोंडाकडं बघतात, बाई काय सांगतात म्हणून कान देतात. माणूस त्यात वाहवतो. मी उभी राहिले आणि म्हणाले,

"एक चूक दुरुस्त करते. त्यांचं नाव लाड नव्हे, लेअर्ड. त्यांच्या देशात लेअर्ड म्हणजे जमिनीचा मालक. आपल्याकडचा जहागीरदारच म्हणा." मग मोरॅगनं फोटो काढला. मी तो सगळ्यांना दाखवला आणि मागचं वाचून टाकलं, "बघा, इथं त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलंय, 'माझी जहागीर'."

एका म्हाताऱ्या गृहस्थांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "म्हंजे त्यो कोपरा व्हय?" ते महादेवला म्हणाले. महादेव खाली बघत राहिला. थोड्याच वेळात एकेक माणूस जनावरांचं निमित्त करून उठला.

मला वाटलं, थंडी वाढली म्हणून गेले.

दुसरा दिवस

सकाळी गिरजाबाईंनी ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी असा न्याहारीचा थाट मांडला होता. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ. त्याची आमटी मराठवाड्याबाहेर का पोचली नाही हे मला कळत नाही. आम्ही जेवत होतो आणि अंगणात मोटारसायकल येऊन थांबली. महादेवचा धाकटा भाऊ सुधाकर लातूरहून आला होता. तिशीचा, नीट इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची फाईल. त्यानं आम्हाला नमस्कार केला, पण बसला नाही.

"मॅडम, तुम्ही ह्यांना इंग्रजीत सांगा," तो मला म्हणाला. "हा सातबारा. ह्यावर आधी बाबांचं नाव होतं, आता आमचं दोघांचं. परदेशी माणसाला आपल्याकडं शेतजमीन घेताच येत नाही. कुणी तोंडी काही दिलं असलं तरी कायद्यात ते बसत नाही."

मी गारच पडले. "अहो, पण जमीन मागतंय कोण?"

"काल पारावर तुम्हीच म्हणलाव की. जहागीर म्हणून. रात्री चार फोन आले मला." मग तो भावाकडं वळला आणि त्याचा आवाज चढला. "दादा, वाटणी अडवायला तुला हीच युक्ती सुचली का? थेट गोऱ्या बाईला बोलावून घेतलास?"

"म्या न्हाय बोलावलं," महादेव म्हणाला. "पर बाबांचा शब्द हाय. त्यो कोपरा लाडसायबाचा हाय. तिथनं वाट न्हाय निघनार."

हळूहळू सगळं समजलं. दोघा भावांची वाटणी चालली होती. मागचं अडीच एकर सुधाकरच्या वाट्याला येत होतं. लातूरची नोकरी सोडून तिथं त्याला शेडनेट उभारून ढोबळी मिरची लावायची होती. त्यासाठी टेम्पो मागपर्यंत जायला हवा, आणि टेम्पो जाईल अशी जागा एकच. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला विहीर, आणि मध्ये लाडसाहेबाचा कोपरा. दत्तोबांनी मरेपर्यंत त्या कोपऱ्यात कुणाला विळा लावू दिला नव्हता. का, ते दोन्ही मुलांना माहीत नव्हतं. महादेवला बापाचा शब्द पुरेसा होता; सुधाकरला नव्हता. दोन महिन्यांपासून भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते आणि त्यात मी पारावर उभं राहून व्याख्यान ठोकलं होतं.

मी मोरॅगला सगळं खरं सांगितलं, माझी चूकही. ती आधी हसली. मग सुधाकरचा चेहरा बघून थांबली. "त्याला सांग," ती म्हणाली, "मला फक्त बाबांचा बांध बघायचाय. मग मी घरी जाणार."

सुधाकरला मी ते सांगितलं, आणि वर माझ्याकडून म्हणाले, "शब्द माझा चुकला. त्यांनी गमतीनं लिहिलं होतं, मी तोऱ्यात वाचलं. मला माफ करा."

त्यानं फाईल बंद केली. विश्वास बसला नव्हता, पण शिक्षिकेनं माफी मागितल्यावर तो निदान खाली टेकला.

इतका वेळ गिरजाबाई चुलीपाशी होत्या. आता त्यांनी डोक्यावर पदर घेतला, चपला पायात घातल्या आणि म्हणाल्या, "चला. समदेच चला."

कोपरा

जुन्या गावावरून वाट जाते. आता तिथं नुसते दगडांचे ढीग आहेत आणि त्यांवर वाढलेल्या वेड्या बाभळी. इथली घरं दगड-मातीची होती, हातभर जाड भिंतींची. गणपती बुडवून आलेलं गाव गाढ झोपलेलं असताना पहाटे त्याच भिंती अंगावर आल्या. चालता चालता महादेवनं सांगितलं, की त्यानंतर कित्येक वर्षं गावात कुणी दगडाचं काम केलं नाही. नदीवर धुणं आपटायलासुद्धा बायका दगड नको म्हणायच्या. मी हे मोरॅगला सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आणि माझे बाबा दगडाचे गवंडी." तीन महिने त्यांनी इथं पत्रे ठोकले आणि पाणी वाहिलं, हे तिला माहीत होतं. का, हे आज कळलं.

शेताच्या कडेला कोपरा होता. चारी बाजूंनी गुडघाभर उंचीचा बांध, आत वाळलेलं गवत आणि एक कडुनिंब. घरातली एखादी बरी खोली मावेल एवढी जागा.

मोरॅग सगळ्या बाजूंनी फिरली. दोनदा. प्रत्येक कोपऱ्याला वाकून दगडांच्या सांध्यात बोटं घालून बघितली. तीस वर्षांत एक दगड हलला नव्हता. मला वाटलं ती आता रडेल, पण ती कपाळाला आठी घालून उभी राहिली.

"ह्याला दार नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"बाबांनी दार न ठेवता बांध कधी रचला नाही. माणसाला जायला फट, मेंढीला जायला फट. नाहीतर बांध कशासाठी? इथं आत जायला जागाच नाही. अशी जागा माणूस कशाभोवती बांधतो?"

"काय म्हनती ती?" गिरजाबाईंनी विचारलं.

मी सांगितलं. या वेळी एक शब्द कमी नाही, एक शब्द जास्त नाही.

गिरजाबाई खाली बसल्या. ज्वारीच्या ताटाला धरून, हळूच, मांडी घालून बसल्या. बांधाकडं बघत बोलू लागल्या.

"त्या दिशी समदीकडं चिखल हुता. पाऊस थांबंना. पोलीस आले, मिलिटरी आली. मेलेली मानसं उचलायले अन् एकाच जागी जाळायले. कुनाचं कोन, काय ठावं न्हाय. महादू सोलापूरच्या दवाखान्यात, पाय मोडलेला. सुधा तर जन्मालाच यायचा हुता. माझी लेक मंगल, तीन वर्साची, भिताडाखाली गेली. ह्यांनी तिला आपल्या धोतरात गुंडाळलं अन् हिकडं आणलं. म्या अन् हे, दोगंच. निंबाचं रोप हुतं एवढंसं, त्याच्या बुडाशी. कुनाला सांगितलं न्हाय. का लपवली म्हनून कुनी इचारलं आस्तं तर काय सांगनार? घरात बी तिचं नाव काढायचं न्हाय आसं ठरलं आमचं."

महादेव उभ्या जागी खिळला होता.

"मग ह्यो साहेब आला. दगडाची कामं करनारा, अन् गावात दगडाला कुनी हात लावंना. एक दिस ह्यांनी त्याला हितं आणलं. भाषा न्हाय काय न्हाय. ह्यांनी हातानं दाखवलं, एवढी हुती." गिरजाबाईंनी जमिनीपासून हात वर धरून उंची दाखवली. "त्याला कळलं. जुन्या गावातला एक एक दगड त्यानं आणला. आठ दिस एकटाच बसून बांधला. म्या भाकर आणायची तर खाली बघून खायचा. बांध झाल्यावर हे त्याला म्हनले, ही जागा तुजी. मला घरी येऊन म्हनले, आपली ऱ्हायली तर उद्या कुनीतरी नांगर घालंल. परक्याची म्हनलं की हात लावनार न्हाईत."

मी मोरॅगला सांगत गेले. सगळं ऐकल्यावर तिनं टोपी काढली.

"आम्ही दर नाताळाला त्यांना हसायचो," ती म्हणाली. "तीस वर्षं. त्यांनी एकदाही सांगितलं नाही."

सुधाकर फाईल काखेत धरून ज्वारीत शिरला आणि पाठमोरा उभा राहिला. तिथूनच म्हणाला, "दादा, मला वाट नको."

"मग मिरची कशी न्हेशील?" महादेव म्हणाला.

"बघू काहीतरी. डोक्यावरून नेतो."

"येड्यावानी बोलू नगंस. माझी विहिरीची बाजू घे की."

"तिकडनं टेम्पो वळत न्हाय दादा, तुला ठावंय."

दोन महिन्यांनी भाऊ एकमेकांशी नीट बोलत होते, आणि आता प्रत्येक जण दुसऱ्याचं भांडण भांडत होता. गिरजाबाईंनी दोघांना गप्प केलं. त्या उठल्या, बांधापाशी गेल्या आणि वरच्या दगडावर हात ठेवला.

"तिला एवढी जागा कशाला?" त्या म्हणाल्या. "एवढीशी तर हुती. निंबापाशी हाय ती. ह्यो हिकडचा बांध आत घेता येतो का, इचारा हिला. जागा हिच्या बापाची हाय. हिनं व्हय म्हनलं पायजे."

मी विचारलं. मोरॅगनं पावलं टाकून अंतर मोजलं, सुधाकरला टेम्पोची रुंदी हात पसरून दाखवायला लावली, आणि बाह्या वर सरकवल्या.

दोन दिवस दगडांत

परतीचं तिकीट मी पुढं ढकललं. सलीमभाईंना जायला सांगितलं तर ते म्हणाले, "बाई, मी बी थांबतो. हे बघायला कुठं मिळनार?" आणि तेही हाताखाली राबले.

बांध उतरवणं म्हणजे पाडणं नव्हे, हे मी शिकले. मोठे दगड एका ओळीत, मधले दुसऱ्या ओळीत, आतल्या भरीचे बारीक दगड ढिगात. मोरॅग बोटानं दाखवायची, आम्ही उचलायचो. पहिला दगड उचलायला महादेव पुढं झाला. वाकला, पण हात दगडापाशी थबकला. त्याचा पाय अशाच दगडाखाली सापडला होता. मोरॅगनं त्याच्याकडं बघितलं नाही. फक्त दगडाचं दुसरं टोक धरलं. मग त्यानं उचलला.

दुपारी भाकरी घेऊन बायका आल्या आणि थांबल्या. पारावरचे ते टोपीवाले म्हातारे आले, बसले, आणि दगड कसा लावावा ते सांगू लागले. मोरॅगला मराठी येत नव्हती आणि त्यांना इंग्रजी, पण दोघांचं कडाक्याचं भांडण झालं आणि एका दगडाबाबत म्हातारे जिंकले. मंगलची गोष्ट गावाला कुणी सांगितली मला माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी निंबाच्या बुडाशी झेंडूची फुलं आणि बांगड्या ठेवलेल्या होत्या.

माझ्याकडं बारीक दगडांच्या भरीचं काम होतं. मी ते अर्थातच उत्तम केलं. मोरॅगनं त्यातलं निम्मं काढून पुन्हा भरलं.

नव्या बाजूला मोरॅगनं एका माणसापुरती फट ठेवली. सगळं झाल्यावर ती बाजूला झाली आणि गिरजाबाईंकडं बघून हात पुढं केला, बसच्या दारातून उतारूला आत घ्यावं तसा. गिरजाबाई आत गेल्या. आम्ही सगळे तोंड फिरवून आपापली अवजारं गोळा करत राहिलो.

निघताना

शेवटच्या दिवशी सकाळी महादेवनं हुरड्याचा बेत केला. शेतातच खड्डा करून त्यात शेण्यांची आग, त्यात ज्वारीची कोवळी कणसं. भाजलेलं कणीस हातावर चोळून गरम दाणे तळहातावर द्यायचे, सोबत लसणाची चटणी आणि गूळ. मोरॅगनं चटणी आधी बोटाच्या टोकानं चाखली, माणूस शिकतो. सुधाकर कणसं भाजत होता, महादेव चोळत होता. मी त्यांना विचारलं नाही, पण वाटणीचा कागद झाला होता असं कळलं. वाट दोघांच्या नावावर, सामाईक.

दहाला निघायचं होतं. सलीमभाईंनी सामान चढवलं, गाडी वळवून ठेवली. मी उठणार तेवढ्यात सुधाकरनं आगीकडं बघत आईला विचारलं, "आई, कशी होती गं ती?"

गिरजाबाईंचा हात दाण्यांवर थांबला. मला वाटलं, विषय संपला. पण त्यांनी दाणे सुपात टाकले, हात झटकले.

"लई बोलायची," त्या म्हणाल्या. "सकाळी डोळं उघडलं की सुरू. कोंबडीशी बोलायची, चुलीशी बोलायची. महादूच्या पाटीवर रेघोट्या मारून ठिवायची अन् म्हनायची, म्या न्हाय, उंदरानं केलं."

"व्हय," महादेव म्हणाला. "व्हय, केलंय तिनं तसं. म्या मारलं हुतं तिला."

"मारलं, तर रुसून हरभऱ्यात जाऊन बसली. अंधार पडायला आला तरी घावंना. समदं गाव हुडकायला. ही आपली पाल्यावरची आंबट आंब चाटत बसलेली, व्हट समदे फुटलेले..." आणि त्या हसल्या. गेल्या चार दिवसांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. त्यांना हसताना त्यांच्या मुलांनीही बहुधा फारसं पाहिलं नसावं, कारण दोघंही हातातलं काम टाकून त्यांच्याकडं बघत होते.

मोरॅगनं माझ्या हाताला स्पर्श केला. मी तिच्याकडं वळून इंग्रजीत सुरू करणार होते, इतक्यात तिनं मान हलवली. नको.

म्हणून मी गप्प बसले. गिरजाबाई बोलत होत्या. मंगलला कुंची कुठली आवडायची, बैलाला ती काय नावानं हाक मारायची, एकदा तिनं सगळा गूळ मुंग्यांना कसा वाटून टाकला. सुधाकर मधूनमधून "मग?" म्हणायचा. आगीतली कणसं करपली, कुणी फिरवली नाहीत. तिकडं रस्त्यावर सलीमभाईंनी गाडीचं इंजिन बंद केलं, दार उघडं टाकलं, आणि येऊन आमच्या मागं मातीत बसले.